तुटलेल्या सांध्याची बखर

लढायांच्या बखरी आपल्याकडे पुष्कळ झाल्या. दिवाळीच्या फराळाबरोबर आज मी वाचकांपुढे ठेवतो आहे ती तळहाताएवढ्या एका सांध्याची बखर आहे. तीत राजे नाहीत, पण एक इंग्रज शास्त्रज्ञ आहे, नागपूरची एक गिरणी आहे आणि माझी स्वतःची फजितीही आहे.

नागपूरच्या दक्षिणेस मनीषनगर ही आमची वस्ती. मुंबईकडची आगगाडी 1867 साली नागपुरास पोहोचली. तिचा मार्ग आमच्या कडेनेच जातो. पुढे बेशाच्या बाजूला वडिलांच्या संत्र्याच्या बागेचा एक तुकडा अजून उरला आहे. झाडांच्या दोन ओळींतून फिरेल असा एक लहान ट्रॅक्टर त्यांनी जुन्या बाजारातून घेतला होता. वडील गेले, बाग आटली, ट्रॅक्टर मात्र राहिला. दर खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ पडते. परवाच्या वर्षी माळ पडली आणि दसरा उलटल्यावर दोनच दिवसांत तो बागेत उभा राहिला. इंजिन चालू, चाके मुकाट!

भाचा म्हणाला, "मामा, आता पुरे झालं. किलोच्या भावानं देऊन टाका."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण वडिलांचा हात ज्या सुकाणूवर चाळीस वर्षे फिरला, ते तराजूत घालण्याचा धीर मला होईना. मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावले.

अशा ट्रॅक्टरात इंजिन पुढे आणि गिअरपेटी मागे असते. दोहोंच्या मध्ये एक लोखंडी दांडा फिरतो आणि त्याच्या टोकाला कपलिंग असते: दोन लोखंडी चकत्या आणि त्यांच्यामध्ये बोल्टांनी आवळलेली रबराची तिसरी. धक्का बसला तर तो रबराने पचवावा, महागड्या गिअरपर्यंत जाऊ देऊ नये, अशी योजना. आमची रबरी चकती फाटून लोंबत होती आणि बोल्टांची भोके लांबट झाली होती.

या सांध्याचे कूळ मोठे आहे. दोन दांडे एका रेषेत नसतील तर एकाचा फेर दुसऱ्याला कसा द्यावा, हा प्रश्न फार जुना. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याचे नाव या सांध्याला युरोपात आजही चिकटलेले आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने 1676 साली छापलेल्या पुस्तिकेत तो सांधा खगोलाच्या उपकरणांसाठी वर्णिला. ताऱ्यांसाठी काढलेली युक्ती पुढे गाड्यांच्या पोटाखाली गेली. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने 1903 साली मोटारीच्या अशा सांध्याचे पेटंट घेतले. हुकच्या सांध्याला एक खोड आहे. दांडे तिरके असले की एका फेऱ्यात दुसरा दांडा दोनदा वेगावतो आणि दोनदा रेंगाळतो. म्हणून मोटारीत असे दोन सांधे जोडीने घालतात. एकाची चूक दुसरा भरून काढतो. आमच्या लहान ट्रॅक्टराची रबरी चकती हा त्याच घराण्यातला गरीब भाऊ. थोडासा तिरकेपणा तो सोसतो, जास्त नाही.

हे शेवटचे वाक्य मला तेव्हा ठाऊक असते तर बरे झाले असते! बाजारात त्या मापाची चकती मिळेना. तेव्हा मिस्त्रीने कोळशाच्या खाणीत माल वाहणाऱ्या जाड पट्ट्याचा एक तुकडा आणला. रबरात कापडाचे थर असलेला तो पट्टा कापून, भोके पाडून त्याने चकती बनवली. "आज बसवून देतो, पण एकदा इंजिन पाहा लागते," असे तो म्हणाला. मला घाई. "नंतर पाहू," म्हणून मी त्याला वाटेला लावले. आठव्या दिवशी ती चकतीही फाटली. भाच्याने काही म्हटले नाही. फक्त भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

मिस्त्री पुन्हा आला. त्याचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. जमशेटजी टाटांची ही गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले, म्हणून गिरणीला हे नाव. आज ती गिरणी राहिलेली नाही. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या इंजिनाचा फेर लांबच लांब दांड्यांवरून आणि तिथून पट्ट्यांनी यंत्रांपर्यंत जाई. दांडा एका जागी खाली बसला की त्याचा सांधा तुटे, आणि शहाणा फिटर सांध्याआधी दांड्याचे टेकू तपासी.

"आमचा आबा सांगे," मिस्त्री म्हणाला, "तुटलं त्याले काय पाहता, काका? ज्यानं तोडलं त्याले पाहा."

त्याने बॅटरीची तार सोडली, चाकांना दगड लावले आणि दोन लोखंडी चकत्यांमधली फट पातळ पात्यांनी मोजली. वर फट कमी, खाली जास्त! इंजिनाच्या मागच्या बाजूचे रबरी टेकू चेपून गेले होते आणि इंजिन मागे कलले होते. मिनिटाला 3000 फेरे धरले तर ती बिचारी चकती तासाला 1 लाख 80 हजार वेळा वाकत होती. तारेला सारखे उलटसुलट वाकवून आपण तोडतो ना, त्यातलाच प्रकार. नवे टेकू घातले, एका बाजूला पातळ पत्रा सारला, दांडा हाताने पावपाव फेरा फिरवून चारही ठिकाणी फट सारखी आहेशी पाहिली; मगच नवी चकती आणि नवे बोल्ट.

तो बोल्ट आवळत असताना मी भाच्याला आपल्या भागातील यंत्रांची हकीकत सांगत होतो. नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होते तेव्हाची गोष्ट. त्या प्रांतातल्या कितीतरी काळ्या जमिनी कांस गवताने गिळल्या होत्या. त्याची मुळे इतकी खोल, की बैलांच्या नांगराला ती हटत नसत. ती जमीन मोठ्या ट्रॅक्टरांनी मोडण्यासाठी 1949 साली भारताने जागतिक बँकेकडून 1 कोटी डॉलरांचे कर्ज घेतले. पण यंत्र आणले म्हणजे काम झाले असे नसते. ते राखणारे हात लागतात. म्हणून नर्मदाकाठी बुधनीला 1955 साली ट्रॅक्टरचे शिक्षण देणारे केंद्र उघडले. 1963 साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. याच हार्वेस्टरने अमेरिकेतल्या घरमालकांसाठी 1961 च्या सुमारास बागेतला छोटा ट्रॅक्टर विक्रीला आणला होता. आज महिंद्रांचे ट्रॅक्टर आमच्या नागपुरातही तयार होतात.

"म्हणजे कर्ज काढून यंत्रं आणली," भाचा म्हणाला, "आणि ती चालवली अशा मिस्त्र्यांनी."

मी काही बोललो नाही. एवढे त्याला कळले, हे माझ्या व्याख्यानाचे नव्हे, फट मोजणाऱ्या त्या पात्यांचे यश होते.

संध्याकाळी ट्रॅक्टर चालला. भंगारवाल्याचा कागद मी शोधला तेव्हा तो भाच्याच्या हातात होता. त्याच्या पाठीवर त्याने तारीख घातली होती आणि चारही ठिकाणची फट लिहून ठेवली होती. पुढच्या खंडेनवमीला माळ घालण्यापूर्वी ती पुन्हा मोजायची, असे त्याने मला बजावले. कागद शेडमधल्या खिळ्याला टांगला आहे. शेजारी त्या दोन फाटक्या चकत्या आहेत.