भौतिकोपचाराचे प्रवेशद्वार

नागपूरहून दक्षिणेस जाणाऱ्या लोहमार्गावर वरोरा मागे पडल्यावर आणि चंद्रपूर येण्यापूर्वी भांदक नावाचे एक स्थानक लागते. गावाचे नाव भद्रावती. स्थानकाने मात्र जुने नाव अद्याप टाकलेले नाही. विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी, भद्रनागाचे देवालय आणि जैनांचे पार्श्वनाथ मंदिर यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस हे गाव चांगले परिचित आहे. आता त्याच्या आसमंतात कोळशाच्या खाणी आहेत, आयुधनिर्माणी आहे आणि पूर्वेच्या अंगाला ताडोबाचे अरण्य आहे. या गावातील एखादा विद्यार्थी बारावीची परीक्षा देऊन भौतिकोपचाराच्या, म्हणजे रूढ भाषेत फिजिओथेरपीच्या, पदवीसाठी अर्ज करू लागतो, तेव्हा त्याच्यापुढे जे प्रवेशद्वार उभे राहते, ते येथील लेण्यांसारखे प्राचीन नाही. त्यास जेमतेम सव्वाशे वर्षे झाली आहेत. ते कोणी उभारले, कशासाठी उभारले आणि त्यातून आजवर कोणास आत घेण्यात आले, हा इतिहास मात्र जाणून घेण्याजोगा आहे.

हाताने पीडा हरण करण्याची विद्या आपल्या देशास नवी नव्हे. तान्ह्या बाळाचे अंग चोळणारी सुईण, लचकलेला पाय बसविणारा हाडवैद आणि पठ्ठ्यांच्या आखडलेल्या खांद्यास मर्दन करणारा तालमीतला वस्ताद हे सारे या विद्येचेच उपासक होते. त्यांच्याकडे शिकावयास येणाऱ्याची परीक्षा होत असे, पण ती कागदावर होत नसे. मुलाच्या हाताला गुण आहे की नाही, दुसऱ्याचे दुखणे त्यास कळते की नाही, हे गुरू वर्षानुवर्षे पाहत असे आणि मगच आपले कसब त्याच्या हाती देत असे. ही पद्धत चांगली होती, तशीच सदोषही होती. गुरूची जात, त्याचे घराणे आणि त्याची मर्जी यांच्या कुंपणापलीकडे ती विद्या सहसा जात नसे.

युरोपात या विद्येस शास्त्राचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामाची राजमान्य संस्था स्थापन केली आणि आरोग्यासाठी करावयाच्या हालचालींची पद्धतशीर मांडणी केली. परंतु लेखी परीक्षेचे दार बांधले गेले ते इंग्लंडात, आणि त्याचे कारण मोठे विलक्षण आहे. १८९४ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकाने असा बोभाटा केला की, अंगमर्दनाच्या नावाखाली शहरात अनेक ठिकाणी अनीतीचा व्यापार चालला आहे. या आरोपाने प्रामाणिकपणे मर्दनचिकित्सा करणाऱ्या परिचारिकांच्या अब्रूवरच घाला पडला. तेव्हा लुसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघीजणींनी त्याच वर्षी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. डॉक्टरांच्या सांगण्यावाचून उपचार करावयाचा नाही आणि वृत्तपत्रांतून जाहिरात करावयाची नाही, असे कडक नियम त्यांनी स्वतःस घालून घेतले. पुढल्याच वर्षापासून परीक्षा सुरू झाल्या. १९२० मध्ये या संस्थेस राजसनद मिळाली, आणि आज ब्रिटनमधील भौतिकोपचारकांची जी सनदी संस्था आहे ती याच रोपाचा वृक्ष होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या चौघींनी परीक्षा ठेवली ती उमेदवार फार झाले आणि जागा थोड्या पडल्या म्हणून नव्हे. ज्याच्या हाती रोगी आपला देह सोपवितो त्या माणसावर विश्वास ठेवता यावा, एवढ्यासाठी ती परीक्षा होती. त्या दाराचा पहारेकरी रोग्याच्या बाजूने उभा होता.

पहिल्या महायुद्धाने हे दार एकाएकी रुंद केले. लाखो सैनिक लुळे-पांगळे होऊन परतू लागले आणि त्यांस पुन्हा चालते-फिरते करणारे हात कमी पडू लागले. अमेरिकेत १९१८ मध्ये मेरी मॅकमिलन हिच्या पुढाकाराने शेकडो तरुणींना या कामाचे शिक्षण देण्यात आले. इंग्लंडात तर याहूनही हृद्य प्रकार घडला. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअरसन यांनी १९१५ मध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली होती. तेथे अंध सैनिकांस मर्दनचिकित्सा शिकविण्यात आली आणि त्यांतील कित्येक जण परीक्षा उत्तीर्ण होऊन रुग्णालयांत कामास लागले. डोळे गेलेल्या माणसाच्या बोटांना स्नायूंची भाषा अधिक स्पष्ट वाचता येते, हे त्या परीक्षकांनी ओळखले होते.

भारतात या विद्येची निकड दोन रोगांनी निर्माण केली. पहिला बालपक्षाघात, म्हणजे पोलिओ. मुंबईत फातेमा इस्माईल या बाईंच्या लहान मुलीस हा रोग जडला. तिच्यासाठी उपचार शोधता शोधता त्या मातेस हजारो इतर मुले दिसू लागली. ऑस्ट्रेलियाच्या सिस्टर केनी यांनी उष्ण पट्ट्यांनी शेकण्याची आणि दुबळ्या स्नायूंस पुन्हा कामाचे वळण लावण्याची जी पद्धत प्रचारात आणली होती, तिचा लाभ या मुलांस मिळावा म्हणून फातेमाबाईंनी १९४७ मध्ये मुंबईत दवाखाना सुरू केला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९५२-५३ च्या सुमारास, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सरकार, महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय उभे राहिले. आरंभी पदविका, आणि पुढे विद्यापीठाची पदवी, अशी त्याची वाटचाल झाली. हाजी अली येथे १९५५ मध्ये केंद्र सरकारची पुनर्वसनसंस्था निघाली. कालांतराने नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही भौतिकोपचाराचे शिक्षण मिळू लागले आणि विदर्भातील विद्यार्थ्यांस मुंबईची वाट धरण्याचे कारण उरले नाही.

दुसरा रोग महारोग, म्हणजे कुष्ठरोग. आणि त्याची कथा भद्रावतीच्या अगदी शेजारची आहे. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर मूठभर रोग्यांनिशी आनंदवनाचा संसार मांडला. भद्रावतीहून हे स्थळ अवघ्या पाच-सहा कोसांवर आहे. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंवर घाला घालतात. कोपरामागून जाणारी चेता मेली की हाताची बोटे नखरांसारखी आत वळतात आणि संवेदना गेल्यामुळे भाजले-कापलेलेही कळत नाही. औषधाने जंतू मरतात. वळलेली बोटे मात्र औषधाने सरळ होत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ मध्ये आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी निरोगी स्नायूचा कंडरा दुसरीकडे जोडून अशी बोटे उघडण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. पण शस्त्रवैद्याचे काम संपले की खरे काम सुरू होई. मनगट हलविणाऱ्या स्नायूस यापुढे बोटे हलवावयाची आहेत, हे रोग्याच्या मेंदूस आठवडेच्या आठवडे शिकवावे लागे, आणि ते शिकविणारा तो भौतिकोपचारक. वेल्लोरमध्ये रोगमुक्त झालेल्या काही तरुणांनाच हे काम शिकविण्यात आले. समाजाने ज्यांच्यापुढे सारी दारे लावून घेतली होती त्यांच्यासाठी हे एक दार उघडले गेले. आणि ज्या हाताने ते दुसऱ्याची बोटे सरळ करीत तो त्यांचा हात स्वतः कधीकाळी वळलेला होता.

असा हा पूर्वेतिहास आहे. यानंतर जे घडले ते साऱ्या देशातील उच्च शिक्षणाच्या बाबतीत घडले. शिकू इच्छिणाऱ्यांची संख्या भराभर वाढली, सरकारी महाविद्यालयांतील अल्प शुल्काच्या जागा त्या मानाने थोड्याच राहिल्या, आणि परीक्षेचे प्रयोजन पालटले. योग्य माणूस ओळखण्याचे साधन होते ते पुष्कळांतून थोड्यांस वेगळे काढण्याची चाळण झाले. प्रारंभी बारावीच्या पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र या विषयांतील गुण पाहिले जात. १९९८ मध्ये नाशिकचे महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि भौतिकोपचाराच्या महाविद्यालयांचा कारभार त्याच्या छत्राखाली आला. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वैद्यकीय प्रवेशासाठी सबंध देशास एकच परीक्षा, म्हणजे ‘नीट’, लागू झाली, आणि महाराष्ट्रात भौतिकोपचाराचे प्रवेशही पुढे तिच्याच गुणांवर होऊ लागले. ७२० गुणांच्या या परीक्षेत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. २०२४ मध्ये तिच्यासाठी २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. एम. बी. बी. एस. ची आस धरणारा आणि भौतिकोपचारक होऊ पाहणारा असे दोघेही तेथे एकाच बाकावर बसतात; त्यामुळे या विद्येकडे येणाऱ्यांत मनापासून येणारा कोण आणि दुसरे दार न उघडल्याने वळलेला कोण, हे त्या परीक्षेस कळण्याचा मार्ग नाही.

भद्रावतीच्या विद्यार्थ्यापुढील अडचणी मात्र प्रश्नपत्रिकेपुरत्याच नाहीत. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे खरे. तथापि तिच्या तयारीचे शिकवणीवर्ग, त्यांची पुस्तके आणि सराव परीक्षा यांची मुख्य पेठ नागपुरात आहे, आणि नागपूर येथून सव्वाशे किलोमीटरांवर आहे. गुण मिळाल्यावर कागदपत्रांचे दुसरे दार लागते. अधिवासाचा दाखला, राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र, इतर मागासवर्गीयांस उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, आणि या साऱ्यांस ठरावीक मुदत. खाणकामगाराच्या किंवा जंगलकाठच्या शेतकऱ्याच्या घरात शिकलेली पहिलीच पिढी असेल, तर कोणता कागद कोणत्या कचेरीत मिळतो हे सांगणारेही कोणी नसते. त्यानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावयाचा. खासगी महाविद्यालयाचे नाव वर लिहिले तर शुल्काचा प्रश्न, आणि खाली लिहिले तर जागा हुकण्याचा धोका. एकेकाळी वैद्यकीय प्रवेशात विभागवार वाटणी होती. ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांस आणि ३० टक्के साऱ्या राज्यास, अशी ती पद्धत होती. महाविद्यालये कमी असलेल्या मराठवाड्यावर तिने अन्याय होतो, अशी तक्रार होती, आणि २०२० मध्ये ती रद्द झाली. एका विभागाचा न्याय हा दुसऱ्या विभागाच्या आधाराचा लोप ठरू शकतो, हे त्या वेळी विदर्भातील पालकांस जाणवल्यावाचून राहिले नाही.

या स्पर्धेमुळे विद्येचे तेज वाढले, हेही नाकारता येणार नाही. भौतिकोपचारक हा डॉक्टरांचा मदतनीस, ही समजूत मागे पडली. राज्याने २००२ मध्ये, आणि केंद्राने २०२१ मध्ये, या व्यवसायाच्या नियमनासाठी कायदे केले. नोंदणी, अभ्यासक्रम आणि प्रवेश यांस देशभर एकसूत्रीपणा आणण्याचे काम केंद्राच्या कायद्याने एका आयोगावर सोपविले आहे. १८९४ मधील त्या चौघींनी ज्या प्रतिष्ठेसाठी धडपड केली ती आज कायद्याने पदरात पडली आहे.

परंतु ज्या गरजेपोटी हे दार उभारले गेले ती गरज कोठे आहे, हे विसरून चालणार नाही. पोलिओचा या देशातील शेवटचा रोगी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. त्याची जागा आता पक्षाघात, अपघात आणि वार्धक्य यांनी घेतली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या टापूत खाणीत पाठ मोडणारा कामगार आहे. पावसाळ्यात दिवसदिवस वाकून धानाची रोवणी करणारी स्त्री आहे. सिकलसेलने खुब्याचा सांधा झिजलेला तरुण आहे. अस्वलाच्या पंजाने हात निकामी झालेला मोहवेच्या हंगामातला माणूस आहे. यांस गोळ्या देणारा भेटतो. रोज अर्धा तास हात धरून हालचाल करवून घेणारा मात्र पुष्कळदा भेटत नाही, आणि तो भेटला नाही म्हणजे बरा झालेला रोगीही जन्माचा पंगू राहतो.

म्हणूनच भद्रावतीच्या मुलास वा मुलीस या पदवीची एक जागा मिळणे ही केवळ एका घराची आनंदवार्ता नसते. चार वर्षांचे अध्ययन आणि त्यानंतरची आंतरवासिता पुरी करून शंभरांतील दहा जण जरी आपल्या मुलखाकडे वळले, तरी कित्येक हात आणि पाय पुन्हा कामास लागतील. कोण परत येईल हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेस विचारता येत नाही. पण रोवणीसाठी वाकलेली पाठ ज्याने स्वतःच्या घरात पाहिली आहे, त्याच्या परतण्याचा संभव अधिक, एवढे व्यवहारज्ञान कोणासही असते. लंडनच्या त्या परिचारिकांनी रोग्याच्या हितासाठी दार बांधले, सेंट डन्स्टन्सने ते अंधांस उघडले आणि वेल्लोरने ते रोगमुक्तांस उघडले. दाराची उंची कमी करण्याची मागणी यांपैकी कोणीच केली नव्हती. त्यांनी दारापर्यंतची वाट बांधून दिली होती. वरोरा-भद्रावतीच्या शाळांतून, महाविद्यालयांतून आणि सधन कुटुंबांच्या देणग्यांतून तशीच वाट बांधणे, म्हणजे वेळेवर मार्गदर्शन, वेळेवर दाखला आणि नागपुरात राहण्यापुरता आधार देणे, हे काम कोणत्याही आयोगाच्या निर्णयाची वाट न पाहता आजच करता येण्यासारखे आहे.