गरिबीच्या आडून

मुलांचा देहव्यापार गरिबीतून जन्मतो, गरिबी हटल्याशिवाय तो हटणार नाही, पोलीस आणि न्यायालये फार तर वरवरची मलमपट्टी करतील, हे मत इतके रूढ झाले आहे की ते मांडणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. मांडणारे बहुधा सहृदय असतात. पोटची मुलगी विकणाऱ्या बाईला राक्षसीण ठरवण्याआधी तिची चूल का पेटत नाही हे ते विचारतात, आणि तो प्रश्न खरा आहे. तरीही मत चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत मुले मोजतात. फिलिपिन्समध्ये हे पडताळून पाहता येते, कारण तिथे या बाजाराची मोजणी झाली आहे.

आधी तर्क पाहू. जेथे धूर तेथे अग्नी, तशी ‘जेथे दारिद्र्य तेथे मुलांची विक्री’ ही व्याप्ती सिद्ध होत नाही. कोट्यवधी कुटुंबे अर्धपोटी राहतात आणि मुले विकत नाहीत. दलाल कोणाच्या दारात जाईल एवढेच गरिबीवरून कळते. पैसे टाकून मूल मागणारा कोण आहे आणि त्याला भीती का वाटत नाही, याचे उत्तर तिच्यात नाही.

आता सेबू. हे फिलिपिन्सचे मोठे बंदर आणि पर्यटनाचे शहर. ‘इंटरनॅशनल जस्टिस मिशन’ या संस्थेने तिथल्या पोलिसांना आणि सरकारी वकिलांना सोबत घेऊन २००७ च्या सुमारास एक प्रकल्प हाती घेतला. कायदा आधीपासून होता. २००३ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्यात बळी अल्पवयीन असेल तर जन्मठेप सांगितली आहे. प्रकल्पाने त्याला हातपाय दिले: तपासाची खास पथके, खटल्यांचा पाठपुरावा, सुटलेल्या मुलींसाठी निवारा आणि समुपदेशन. गिऱ्हाईक म्हणून वावरणाऱ्या पाहणीकारांनी अल्पवयीन मुली किती सहज मिळतात हे सुरुवातीला नोंदवले आणि २०१० मध्ये पुन्हा नोंदवले. घट ७९ टक्क्यांची होती. पाहणी प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेनेच बाहेरच्या संशोधकांकडून करून घेतली, त्यामुळे नेमक्या टक्क्यांवर वाद घालता येईल. घट झालीच नाही असे म्हणणे कठीण आहे. आणि त्या वर्षांत देशातील दारिद्र्याचा सरकारी आकडा लोकसंख्येच्या चतुर्थांशाच्या आसपासच रेंगाळत होता. कारण जागचे हलले नाही आणि कार्य मात्र घटले, तर त्या कारणाला मूळ कारण कसे म्हणायचे? अड्ड्याच्या मालकाचा हिशेब साधा असतो. पंधरा वर्षांची मुलगी ठेवून पैसा जास्त मिळतो आणि धोका काहीच नाही, तोवर तो तिला ठेवतो. शेजारचा मालक आत गेला आणि आतच राहिला, की तो दारात वयाचा दाखला मागू लागतो.

पूर्वपक्षाचा सर्वांत जड आक्षेप याच्यापुढचा आहे: बाजार संपला नाही, इंटरनेटवर गेला. हे खरे आहे. मुलांच्या अत्याचाराचे थेट प्रक्षेपण पैसे घेऊन परदेशी दाखवण्याच्या गुन्ह्यात फिलिपिन्सचे नाव जगभर झाले, आणि अनेक प्रकरणांत कॅमेरा धरणारा हात आईचा किंवा मावशीचा निघाला. पण गरिबी त्या घरांत इंटरनेटच्या आधीही होती. नव्याने आली ती स्वस्त जोडणी. इंग्रजी समजणारी वस्ती आणि परदेशातून आलेले पैसे हातात देणारी गल्लोगल्लीची केंद्रे तिथे होतीच. शिवाय ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक मिळाला, आणि तो प्रेक्षक उपाशी नाही. त्याने पाठवलेल्या प्रत्येक रकमेची नोंद उरते. तिचा माग काढला, संगणकातला पुरावा जपला, तर मुलाला स्वतःच्या आईविरुद्ध पिंजऱ्यात उभे करण्याची वेळही टळू शकते.

शाळा आणि लसीकरणाच्या अटीवर गरीब घरांना रोख मदत देणारी योजना फिलिपिन्सने २००८ मध्ये सुरू केली. ती हवीच, सुटलेली मुलगी ज्या घरी परतणार त्या घराला आधार लागतो. माझा विरोध आहे तो मुलांच्या संरक्षणाला दारिद्र्यनिर्मूलनाच्या मागे रांगेत उभे करण्याला.

त्या रांगेत कोण सुखावतो ते रोमियो हालोस्होस यांच्या खटल्यात दिसले. हे तेव्हाचे विद्यमान खासदार. पालक म्हणवणाऱ्या माणसाने पैशासाठी त्यांच्याकडे नेलेल्या ११ वर्षांच्या मुलीवर बलात्कार केल्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना शिक्षा झाली, १९९८ मध्ये तुरुंगात असतानाच ते पुन्हा निवडून आले, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. खटल्यात मुलीच्या वयावर झगडा झाला. रुग्णालयातल्या जन्माच्या नोंदी पुढे आणाव्या लागल्या. कारण १९३० च्या दंडसंहितेत संमतीचे वय १२ होते, आणि ती बारा पूर्ण केलेली ठरली असती तर आरोपीला संमतीचा बचाव खुला झाला असता. आपल्याकडे १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ करताना पुण्यात रान पेटले होते. आज ते १८ आहे. फिलिपिन्सने ते १६ केले मार्च २०२२ मध्ये. ही नव्वद वर्षे गरिबीने घेतली नाहीत. ती कायदेमंडळाने घेतली, आणि त्या कायदेमंडळात हालोस्होसही बसत होते.