जात्यावरचा दस्तऐवज

बीड जिल्ह्यात, उमापूरपासून माजलगावपर्यंत, पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. दळण थांबले तशी ओवी गाण्याची वेळही संपली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या छापून जपल्या. मात्र छापील ओवीला गळा नसतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या जमवल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही नोंदवले. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रण झाले.

१९९६ साली ही मंडळी माजलगावच्या भीमनगरात पोचली. तिथल्या दलित बायांनी त्याच जात्याच्या चालीवर बाबासाहेब आंबेडकर गायले. विठ्ठल, माहेर आणि भाऊराया एवढीच परंपरा मानली असती, तर या ओव्या वहीत उतरल्याच नसत्या. मराठवाड्यातल्या आंबेडकरी चळवळीचा हा बायांनी सांगितलेला इतिहास आहे, आणि नावानिशी नोंदला गेल्यामुळेच तो पुरावा म्हणून उभा राहतो.

२०१७पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने या ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या. जाते परत फिरणार नाही; पण आजीची ओवी आता नातीला तिच्या गावाच्या नावासह ऐकता येते.