शंकेच्या दिवसांतली सोबत

शस्त्रक्रियेला चार वर्षे लोटलेली असतात. केमोथेरपीत गेलेले केस केव्हाच परत आलेले असतात आणि घरानेही तो विषय मागे टाकलेला असतो. अशात एके दिवशी आंघोळ करताना व्रणाच्या कडेला हाताला काहीतरी कठीण लागते. किंवा महिनाभर न थांबलेल्या पाठदुखीविषयी ऐकून डॉक्टर म्हणतात, ''एकदा स्कॅन करून घेऊ या.'' तपासणी आणि तिचा अहवाल यांच्या मधले हे दिवस पहिल्या निदानापेक्षाही जड गेले, असे स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या अनेक स्त्रिया सांगतात. पहिल्या वेळी पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नव्हते. आता ते ठाऊक असते. या दिवसांत समदुःखी स्त्रीची सोबत मोलाची ठरते. ती कशी शोधावी आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी, याविषयी थोडेसे.

रोग उलटतो म्हणजे काय?

स्तनाचा कर्करोग तीन प्रकारे उलटू शकतो. पहिला प्रकार स्थानिक, म्हणजे त्याच स्तनात किंवा व्रणाच्या जागी. दुसरा प्रादेशिक, म्हणजे काखेतील किंवा गळ्याच्या हाडाजवळील लसिकाग्रंथींत. तिसऱ्या प्रकारात तो हाडे, यकृत, फुप्फुसे, मेंदू अशा दूरच्या अवयवांत प्रकट होतो. पहिल्या दोन प्रकारांत रोग समूळ बरा करण्याच्या उद्देशाने पुन्हा उपचार करता येतात. तिसऱ्यात तो बहुधा पूर्णपणे जात नाही. मात्र औषधांनी तो आटोक्यात ठेवून अनेक स्त्रिया कित्येक वर्षे जगतात.

संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात हा धोका पाच वर्षांनंतरही राहतो. वीस वर्षांपर्यंत रोग उलटल्याची नोंद आहे. 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारात तो मुख्यत्वे पहिल्या काही वर्षांत असतो. 'पाच वर्षे झाली, सुटलो' हा हिशेब त्यामुळे सर्वांना सारखा लागू पडत नाही.

तसेच हाताला लागलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर चरबीच्या पेशी मृत होऊनही गाठ तयार होते आणि व्रणाची त्वचा घट्ट होते. निर्णय लागतो तो बायोप्सीने. रोग उलटला असेल, तर त्याचे गुणधर्म पहिल्यापेक्षा बदललेले असू शकतात, म्हणून त्या तुकड्याची संप्रेरक व 'हर-टू' चाचणी पुन्हा केली जाते. नवी गाठ, एकाच जागी टिकून राहणारे व रात्रीही न थांबणारे हाडाचे दुखणे, खोकला, धाप, कारणाविना घटणारे वजन यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकले, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

घरातले मौन

आपल्याकडे घरातील माणसे मायेची असतात, सेवाही करतात. परंतु शंका बोलून दाखवली, की ''अभद्र बोलू नकोस, काही होणार नाही,'' असे म्हणून तोंड बंद केले जाते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्यालाही भीती वाटत असते. बाई मग गप्प राहते, स्वयंपाक करते, मुलांचे डबे भरते आणि रात्री एकटीच जागते. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. जिने हे दिवस काढले आहेत, तिच्यापुढे भीतीला धीराचे सोंग घ्यावे लागत नाही.

परंपरा आणि संशोधन

रुग्णाने रुग्णाला आधार देण्याची ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टेरेस लासर यांचा स्तन 1952 साली शस्त्रक्रियेने काढावा लागला. त्यानंतर त्या इतर रुग्ण स्त्रियांना भेटू लागल्या आणि त्यातून 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम उभा राहिला. 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपलासा केला. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बऱ्या झाल्यावर 1994 साली 'व्ही केअर फाउंडेशन'ची स्थापना केली. आजारातून गेलेले स्वयंसेवक रुग्णांशी बोलतात, ही तेथील कामाची पद्धत.

अशा सोबतीचा उपयोग किती, याचाही अभ्यास झाला आहे. रोग शरीरात पसरलेल्या 86 स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला डेव्हिड स्पीगेल यांचा निबंध 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गटात येणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगल्या, असे त्यात दिसले आणि जगभर आशा निर्माण झाली. पुढे 2001 साली कॅनडातील पामेला गुडविन व सहकाऱ्यांनी 235 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मात्र मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली, विशेषतः आधीपासून अधिक त्रासात असलेल्या स्त्रियांची. स्पीगेल यांच्या स्वतःच्या 2007 सालच्या अभ्यासातही आयुष्य एकंदरीने वाढलेले दिसले नाही. म्हणजे गट हा औषधाला पर्याय नव्हे. तो जगण्याचे ओझे हलके करतो, आणि तेही थोडे नाही.

सोबत कशी शोधावी?

पहिली विचारणा आपल्याच रुग्णालयात करावी. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक आणि समुपदेशक असतात; बऱ्या झालेल्या स्वयंसेवक स्त्रियांशी गाठ घालून देणे हा त्यांच्या कामाचा भाग असतो. ज्या परिचारिका केमोथेरपीच्या वेळी ओळखीच्या झाल्या, त्यांनाही विचारता येते. लहान गावात गट नसेल, तर उपचारांच्या काळात शेजारच्या खाटेवर भेटलेल्या एखाद्या बाईला फोन करावा. दोघीजणीही पुरतात.

सोबतीण निवडताना आपली अवस्था सांगावी. ''माझे निदान अजून व्हायचे आहे,'' हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट केले, की समोरची स्त्री त्या बेताने बोलते. शक्य असल्यास दोन प्रकारच्या स्त्रियांशी बोलावे: जिची शंका खोटी ठरली अशी एक, आणि रोग उलटूनही संसार, नोकरी सांभाळून असलेली दुसरी. पहिलीकडून थांबायचे कसे ते कळते, दुसरीकडून पुढची वाट असते हे कळते.

काही पथ्ये

दुसरीचा अहवाल आपल्याला लावू नये. रोगाचा प्रकार, टप्पा आणि औषधे वेगळी असल्याने तिला जे झाले ते आपल्याला होईलच असे नाही. गटात कुणी खात्रीचा काढा, चूर्ण वा बाबा सुचवला, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून काही घेऊ नये आणि चालू औषध बंद करू नये. ऐकलेले बाहेर सांगू नये. गटातील कुणाची तब्येत खालावली किंवा निधन झाले, तर मन हलून जाते. काही दिवस दूर राहावेसे वाटल्यास त्यात अपराध नाही. झोप आणि जेवण तुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर मैत्रीण पुरेशी नाही. मानसोपचारतज्ज्ञांची मदत त्वरित घ्यावी.

अहवालाच्या दिवशी एकटीने जाऊ नये. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि ते विचारणे सोबतीणीकडे सोपवावे, कारण त्या क्षणी कानांवर पडलेले पुष्कळदा मनापर्यंत पोहोचत नाही. अहवाल चांगला आला, तर आपणही आता कुणाची तरी सोबतीण होऊ शकतो. तो तसा आला नाही, तरी पुढच्या पहिल्या पावलाला हात धरणारे कुणीतरी शेजारी बसलेले असते.