कोणते डेव्हिड?

(दुबई सिलिकॉन ओएसिस येथे दिलेल्या व्याख्यानाचे, ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे एकच नाव आहे. हिब्रूत दाविद, अरबीत दाऊद, मराठी बायबलात दावीद, आणि आपल्या घराघरांत इंग्रजी शाळेच्या वाटेने आलेले डेव्हिड. या नावाचे धर्मशिक्षक आपल्याकडे झाले, व्यापारी झाले, हस्तलिखितांचे संग्राहक झाले, वकील झाले, आणि चित्रपटसृष्टीत नावाजलेले नटही झाले. वरवर पाहता हा कौतुकाचा विषय वाटतो. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र अशा सारखेपणाची धास्ती वाटते; कारण दोन माणसे एका नावाखाली गेली की दोन शतकेही एकमेकांत मिसळून जातात. आपल्या बेने इस्रायल समाजाच्या इतिहासात हे प्रत्यक्ष घडलेले आहे. तेव्हा तेथूनच आरंभ करतो.

डेव्हिड राहबी हे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या तोंडून ऐकलेले असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली, त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालविले. हिब्रू भाषा गेली, ग्रंथ गेले, पण शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम गेला नाही, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पुढे डेव्हिड राहबी नावाचे एक विद्वान आले. त्यांनी बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. ही इस्रायलाचीच मंडळी, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्माचे शिक्षण दिले आणि तेच आपले पहिले काझी झाले. कथा इतकी रेखीव आहे की तिच्यात एका प्रश्नाला जागाच उरत नाही: हे केव्हा घडले?

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांनी राहबींचे आगमन इ. स. १००० च्या सुमारास धरले. दुसरी एक परंपरा ते १४०० च्या आसपास मानते. अनेक अर्वाचीन संशोधकांची बोटे मात्र अठराव्या शतकातील कोचीनकडे वळतात. तेथे राहबी नावाचे श्रीमंत घराणे होते. मूळ अलेप्पोचे, डच ईस्ट इंडिया कंपनीशी व्यापार करणारे. या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष एझिकेल राहबी (१६९४–१७७१). त्यांच्या वडिलांचे नाव डेव्हिड, आजोबांचे एझिकेल आणि एका मुलाचे पुन्हा डेव्हिड! आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या रीतीमुळे दोनच नावे पिढ्यानपिढ्या आलटून पालटून येत राहिली. त्यामुळे ‘कोचीनचे डेव्हिड राहबी’ एवढेच म्हटले तर बापाविषयी बोलणे चालले आहे की नातवाविषयी, हे कळत नाही. काही पुस्तकांत एझिकेल यांच्या जन्ममृत्यूची वर्षे डेव्हिड यांच्या नावापुढे छापलेली दिसतात, ती याच घोटाळ्यामुळे.

याच एझिकेल यांनी १७६८ साली हॉलंडमधील तोबियास बोआस या व्यापाऱ्याला लिहिलेल्या पत्रात आपला उल्लेख येतो. मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले, तेलाचे घाणे चालविणारे, काही शिपाईगिरी करणारे असे हे बेने इस्रायल ‘शेमा’ आणि शब्बाथची विश्रांती यांपलीकडे धर्मातले फारसे जाणत नाहीत, असा त्या मजकुराचा आशय आहे. मला हे पत्र फार महत्त्वाचे वाटते. एक हजार सालीच काझी नेमले गेले असतील, तर साडेसातशे वर्षांनंतर आपल्याविषयी असे का लिहिले जावे? उलट, कोचीनच्याच राहबींनी आपल्याला शिकविले असेल, तर ते शिक्षण या पत्राच्या आगेमागेच कधीतरी सुरू झाले असणार.

यात आणखी एका डेव्हिडची भर पडते. अबुधाबीतील ‘अब्राहमिक फॅमिली हाउस’ मधील सिनेगॉग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्याला मोशे बेन मैमोन यांचे, म्हणजे रामबामांचे, नाव दिलेले आहे. रामबामांच्या धाकट्या भावाचे नाव डेव्हिड होते. हा भाऊ व्यापारी होता आणि त्याच्याजवळ घरचेच नव्हे, तर इतरांचेही द्रव्य होते. तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरातून त्याने मोशेला लिहिलेले पत्र कैरोच्या गेनिझात सापडले. पुढे तो हिंदी महासागरात बुडाला आणि त्या दुःखाने रामबाम वर्षभर अंथरुणाला खिळले. इजिप्तमधून हिंदुस्थानच्या वाटेने निघालेला, विद्वान कुटुंबातला, शिवाय नाव डेव्हिड! त्याला राहबींच्या कथेत आणून बसविण्याचा मोह किती सहज होतो, हे तुमच्या लक्षात आले असेल. परंतु बुडालेला माणूस कोकणात शाळा काढीत नाही. आणि भारतातील यहुद्यांना शब्बाथ व सुंता यांखेरीज तोरा ठाऊक नाही, असे याच रामबामांनी सुमारे १२०० साली लिहून ठेवले आहे.

माझे मत असे की, आपल्या स्मृतीतील डेव्हिड राहबी ही एकच व्यक्ती नसावी. निरनिराळ्या काळी आलेल्या शिक्षकांना समाजाने एका नावात साठवून ठेवले असावे. हे मत सर्वांना रुचणार नाही, हे मी जाणतो. या वर्षांच्या हिशेबाला केवळ पंडिती मोल नाही. १९६० नंतरच्या काळात इस्रायलमधील रब्बींच्या मंडळाने आपल्या विवाहसंबंधांविषयी शंका काढल्या. माणसे रस्त्यावर उतरली, उपोषणे झाली, आणि १९६४ साली क्नेसेटने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले. आपण धर्मशास्त्र केव्हापासून जाणतो, या प्रश्नाला तेव्हा लग्न करू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींचे आयुष्य बांधलेले होते.

आता नाणावलेल्या डेव्हिडकडे वळू. डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादला झाला. तेथून जीव वाचवून ते इराणी आखातातील बुशहर बंदरात आले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि पुण्याचे ओहेल डेव्हिड, म्हणजे आपले लाल देऊळ, ही त्यांची उभारणी. पुण्याचे बांधकाम पुरे होण्यापूर्वीच, १८६४ साली, ते वारले. त्यांची कबर तेथेच आवारात आहे. त्यांचे एक नातू डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०–१९४२) मुंबईत जन्मले, पण रमले हस्तलिखितांत. आपल्या संग्रहाची मोठी सूची त्यांनी १९३२ साली प्रसिद्ध केली आणि तिलाही नाव दिले ‘ओहेल डेव्हिड’. एक इमारत, एक सूची. शिवाय कोचीनच्या धाकट्या डेव्हिड राहबींनी हिब्रू पंचांगावर लिहिलेल्या ग्रंथाचे नावही तेच! दाविदाचे हे तीन तंबू तीन निरनिराळ्या गावांत उभे आहेत. ग्रंथालयात शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याची काय गत होत असेल, ते देव जाणे. २०२३ च्या मे महिन्यात ३.८१ कोटी डॉलरना विकले गेलेले ‘कोडेक्स ससून’ हे प्राचीन हिब्रू बायबल नातवाने १९२९ साली विकत घेतलेले होते. व्यापारी आजोबांशी त्याचा काही संबंध नाही.

बगदादी मंडळींना आडनाव होते, तरी ही गत. आपल्याकडे आडनाव म्हणजे गाव. शंभराहून अधिक गावांनी आपल्याला नावे दिली आहेत, आणि ती काढून टाकली की मागे उरतात केवळ डेव्हिड, मोझेस, एझिकेल, सॅम्युएल. कवी निस्सिम एझिकेल यांचे घराणे तळकरांचे. त्यांचे वडील मोझेस एझिकेल मुंबईच्या विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. अमेरिकेत रिचमंड येथे जन्मलेले आणि रोममध्ये आयुष्य घालविलेले एक शिल्पकार होऊन गेले (१८४४–१९१७). त्यांचेही नाव मोझेस एझिकेल. ‘तळकर’ एवढे चार अक्षरांचे शेपूट लावले असते, तर गोंधळाला जागाच उरली नसती.

डेव्हिड एरुळकरांनी ते लावले. लोकमान्य टिळकांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिलेल्या वकिलांत त्यांची गणना होते. त्यांचे बंधू डॉ. अब्राहम एरुळकर गांधीजींच्या प्रकृतीकडे पाहत असत, आणि डेव्हिड यांची कन्या सारा इंग्लंडमध्ये माहितीपटांची दिग्दर्शक झाली. कायदा, वैद्यक, चित्रपट अशा तीन दिशांना गेलेले हे घराणे कोठेही शोधले तरी सापडते; कारण एरुळ त्यांच्या मागे आहे.

नट डेव्हिड यांच्या वाट्याला मात्र उलटे आले. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कायद्याची पदवी घेतलेला हा गृहस्थ १९३७ साली चित्रपटात आला. ‘बूट पॉलिश’ मधील जॉन चाचाने १९५४ साली त्यांना घराघरांत पोहोचविले. १९६९ साली पद्मश्री मिळाली. १९८१ साली टोरांटो येथे ते निवर्तले. पडद्यावरील नामावलीत ते केवळ ‘डेव्हिड’ असत. लाखो प्रेक्षकांनी त्यांच्यावर प्रेम केले, पण त्यांतील कितीजणांना ते रायगडच्या किनाऱ्याचे ठाऊक होते?

चेऊल म्हणजे चौल. दुबईत बसून या गावाविषयी बोलायला विशेष अर्थ आहे. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर येथे येऊन गेला. सैमूर म्हणजे चौलच, असे संशोधक मानतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान तेथे नांदत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्या वस्तीत दाऊद आणि मूसा कितीतरी असतील. त्यांना ओळखायचे ते बापाच्या नावाने आणि सिराफी, बसरी, बगदादी अशा गावाच्या खुणेने. आपल्या शेजारी राहणाऱ्या अमिराती कुटुंबांतही नाव, बापाचे नाव आणि कुळाचे नाव असाच क्रम चालतो. आपल्या पारपत्रांवर आणि येथील ओळखपत्रांवर मात्र आडनावाच्या रकान्यात आजोबांचे नाव येऊन बसले आहे. गाव तेथपर्यंत पोहोचलेच नाही.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी आजी-आजोबांचे केतुबा असतील, किंवा कोकणातील कबरस्थानात लावलेल्या दगडांची छायाचित्रे असतील, त्यांनी त्यांवरील गावाचे नाव पाहून ठेवावे. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात नाव, बापाचे नाव, आजोबांचे नाव आणि गाव असे चार रकाने आखलेले आहेत. चौथ्या रकान्याला घाई नाही. घरी फोन करून, विचारून भरला तरी चालेल.