बोबड्या बोलांचा इतिहास

सेनगाव तालुक्याच्या एका अंगाला रिसोड, म्हणजे वऱ्हाड. दुसऱ्या अंगाला जिंतूर, म्हणजे परभणीचा मुलूख. त्यामुळे 'का?' हा प्रश्न इथे दोन तऱ्हांनी कानी पडतो: वऱ्हाडाकडचा 'काहून?' आणि परभणीकडचा 'कामून?'. इथले लेकरू हा प्रश्न पहिल्यांदा विचारते, तेव्हा त्याच्या तोंडी यांतला कोणता शब्द येणार हे शाळा ठरवत नाही. शाळेची पायरी चढण्याआधीच तो पक्का झालेला असतो. तो दिलेला असतो आईने, आजीने, ओट्यावर बसलेल्या आजोबांनी.

या देण्याघेण्याचा इतिहास सलग लिहिलेला सापडत नाही. शाळांच्या स्थापनेच्या तारखा मिळतात, परीक्षांचे निकाल मिळतात. बाळाचा पहिला शब्द मात्र कुठल्याच दप्तरात नोंदला जात नाही. तरीही काही खुणा उरल्या आहेत. मुलाला बोलते कसे करावे, या आजच्या आईबापांच्या काळजीचे उत्तर त्या खुणांत बरेचसे दडलेले आहे.

पहिली खूण १९६४ सालची. त्या वर्षी भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी 'वर्ड' या नियतकालिकात मराठी बाळबोलीवर निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन अभ्यासकाने सहा भाषांतील बाळबोलीची तुलना प्रसिद्ध केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, सायबेरियातली गिल्याक आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांची कोमांची या भाषांच्या पंगतीला तिथे मराठीही होती. आपण सहज उच्चारतो ते मंमं, जोजो, भूभू, हम्मा, चिऊ, काऊ, भुर्र हे शब्द अशा रीतीने शास्त्राचा विषय झाले. या अभ्यासातून पुढे आलेली महत्त्वाची गोष्ट अशी, की हे शब्द मुलांनी घडवलेले नसतात. ते मोठ्यांचे असतात, रूढीने ठरलेले असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिले जातात. ओठांना सोपे वर्ण, तोच ध्वनी दोनदा, आणि विषय खाणे, निजणे, प्राणी, आप्त यांचे. बाळाच्या जिभेला पेलेल अशी पायरी भाषेने स्वतःच बांधून ठेवली आहे.

या पायरीच्या वरची पायरी म्हणजे चिऊ-काऊची गोष्ट. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे नवे काम सांगते: आंघोळ, अंग पुसणे, काजळ, तीट. वाक्य तेच राहते, त्यातला एकच शब्द बदलतो. तिसऱ्या वेळेला ऐकणारे मूल पुढचा शब्द स्वतःच म्हणते, आणि सांगणारी आजी क्षणभर थांबून त्याला तो म्हणू देते. व्याकरणाचा पहिला धडा या थांबण्यात आहे. जिला अक्षरओळख नव्हती, तिलाही तो देता येत होता.

दुसरी खूण सातशे वर्षांपूर्वीची. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी एक दृष्टांत येतो: बाळ बापाच्या ताटात शिरते आणि बापालाच भरवू लागते, बाप रागावत नाही, आनंदाने तोंड पुढे करतो. श्रोत्यांपुढे आपले बोलणे असेच लडिवाळ आहे, असे ज्ञानदेव सुचवतात. दृष्टांत पटायचा तर ऐकणाऱ्यांच्या घरात तसे घडत असले पाहिजे. आपल्या शेजारच्या हिंगोली तालुक्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. देवाने नैवेद्य खाल्लाच पाहिजे म्हणून हटून बसलेल्या बाल नामदेवाची कथा इथे घरोघर ठाऊक आहे. भक्तीचा भाग बाजूला ठेवला, तरी त्या कथेत मुलाच्या बोलण्याचे मर्म आहे. मूल बोलते ते समोरून उत्तर येणार या खात्रीने. ती खात्री राखणे हे पालकांचे पहिले काम.

तिसरी खूण निजामी राजवटीची. १८८०च्या दशकात हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, पण मराठवाड्यातल्या मराठी घरांसाठी ती भाषा परकी होती. १९२१ साली हिप्परग्याला निघालेल्या राष्ट्रीय शाळेसारखे प्रयत्न थोडे. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आले, तोवर मराठीला खरा आधार घराचा होता. जात्यावर, पाळण्यापाशी, शेताच्या बांधावर ती बोलली गेली म्हणून टिकली.

हा अभिमान सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. मराठी शाळेची भाषा झाली आणि मराठी घराची अडचण संपली. पण तालुक्यात बंजारा तांडे आहेत. तिथे घरात गोरमाटी बोलतात. त्या लेकराला अंगणवाडीत पहिल्या दिवशी मराठी तशीच परकी वाटते, जशी आपल्या पणजोबांना उर्दू. 'घरी मराठीच बोला' असा सल्ला त्याच्या आईला सहज दिला जातो. आपल्याला जे टोचले, तेच आपण दुसऱ्याला टोचतो आहोत. दोन भाषा ऐकल्याने मूल गोंधळून मुके होत नाही. आईने आपली भरलेली भाषा सोडून मोजक्या, अडखळत्या परभाषेत बोलायला सुरुवात केली, की घरातले बोलणेच आटते आणि तोटा तिथे होतो.

याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले होते. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा त्याच्या अंगणात भरवू, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने, बिया आल्या. मुलाच्या ओळखीच्या वस्तूपासून शब्दाकडे जायचे, ही ती वाट. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले. अंगण मात्र पुष्कळदा नावातच राहिले.

गरीब, अशिक्षित घरांत मुलांशी कमी बोलले जाते, हा समज जगभर आहे. अमेरिकेत बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी ४२ कुटुंबांतले बोलणे नोंदवून १९९५ साली तसा निष्कर्ष काढला आणि तो गाजला. २०१९ साली डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिले: घरातल्या इतर माणसांचे, मुलाच्या कानी पडणारे बोलणेही मोजले तर हे चित्र टिकत नाही. मुलाकडे वळून बोललेल्या शब्दाचे मोल अधिक, असे इतर अभ्यासकांनी त्यावर बजावले. दोन्ही बाजू आपल्या ओट्यावर एकत्र नांदत होत्या. मोठी माणसे आपसांत बोलत, आणि मध्येच एक जण मुलाकडे वळे.

आज ओटा आहे, पण त्यावर मोबाइल आहे. जेवताना लेकरापुढे तो धरला की घास उतरतो, पण मोबाइल लेकराच्या बोलण्यासाठी थांबत नाही. दुसरीकडे इंग्रजी शाळेच्या धास्तीने हम्माची 'काऊ' होते आणि कावळ्याचा काऊ बिचारा गोंधळात पडतो. गंमत सोडा, नावे पाठ करून घेणे म्हणजे बोलणे नव्हे. हळद शिजवताना, शेंगा फोडताना, आंघोळ घालताना जे चालले आहे ते सांगावे. मूल 'हम्मा गेली' म्हणाले तर 'हो, हम्मा पाणी प्यायला गेली' असे वाक्य वाढवून परत द्यावे. चूक काढू नये. आणि चिमणीची गोष्ट सांगताना थांबावे.

घराच्या बोलण्याने सगळेच साधते असे मात्र नाही. वर्षाचे होऊनही बाळ बडबडत नसेल, हाकेला वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर 'याचा बापही उशिरा बोलला' म्हणत थांबू नये. आधी कान तपासावेत. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. त्यांच्याकडे हे आवर्जून सांगावे. वाचा आणि श्रवण यांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ साली मुंबईत निघाली, ती अली यावर जंग यांच्या नावाने. ते एकेकाळी उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते.

सेनगावचे लेकरू उद्या 'काहून' विचारील की 'कामून', की गोरमाटीतला आपला शब्द वापरील, याची चिंता नको. त्याने विचारले की हातातले काम ठेवून त्याच्याकडे वळावे आणि उत्तर द्यावे.