‘जाणे’ची रूपे आणि ‘जाऊन राहिला’ : वर्धा जिल्ह्यातील एका क्रियापदरचनेचा इतिहास

इटालियन भाषेचा अभ्यास करणाऱ्यास आरंभीच ज्या क्रियापदांशी झगडावे लागते, त्यांत ‘जाणे’ या अर्थाच्या ‘आन्दारे’ या क्रियापदाचा क्रम बराच वरचा आहे. ‘मी जातो’ यासाठी ‘वादो’, ‘तो जातो’ यासाठी ‘वा’, परंतु ‘आम्ही जातो’ म्हणावयाचे झाल्यास ‘आन्दियामो’ आणि पुन्हा ‘ते जातात’ यासाठी ‘वान्नो’. भविष्यकाळात ‘आन्द्रो’ येते, तर इच्छा किंवा संशय दर्शविणाऱ्या अर्थात पुन्हा ‘वादा’. एकाच क्रियापदाच्या संसारात दोन धातू नांदत आहेत. त्यांपैकी एक लॅटिनमधील ‘वादेरे’ होय. दुसऱ्याच्या कुळाविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही.

मराठी भाषकास या प्रकाराचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. त्याच्या स्वतःच्या भाषेतील ‘जाणे’ हे क्रियापद याच जातीचे आहे. ‘जातो’, ‘जाईल’, ‘जावे’ या रूपांचे मूळ संस्कृत ‘या’ धातूत, तर ‘गेला’ या रूपाचे मूळ ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपात आहे. ‘गत’ या रूपाचे प्राकृतात ‘गअ’ झाले आणि त्यास ‘इल्ल’ प्रत्यय लागून ‘गेला’ सिद्ध झाले. ‘आगत’पासून ‘आला’, ‘कृत’पासून ‘केला’, ‘मृत’पासून ‘मेला’, ‘जात’पासून ‘झाला’ ही भावंडेही त्याच वाटेने आली. म्हणजे व्याकरणकार ज्यांना अनियमित रूपे म्हणतात ती वस्तुतः अतिशय जुनी आणि आपल्या परीने नियमितच रूपे आहेत. रोजच्या वापरामुळे ती टिकली. जी क्रियापदे क्वचित वापरली जातात त्यांना अशी चैन परवडत नाही. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’च्या गद्यातही ‘जाणे’ आणि ‘गेला’ यांची ही जोडी अशीच आढळते.

या क्रियापदाची रूपे कोणत्या चौकटीत बसवावयाची, हा मात्र एकोणिसाव्या शतकाने निर्माण केलेला प्रश्न आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. परिभाषा पुष्कळशी संस्कृत, पण क्रियापदाचे अर्थ आणि काळ मांडण्याची पद्धत युरोपीय व्याकरणांतून आलेली, असा संमिश्र प्रकार या काळात रूढ झाला. लॅटिन क्रियापदाचा एकच प्रत्यय पुरुष, वचन, काळ आणि अर्थ या सर्वांचा भार वाहतो. मराठीतील ‘गेला, गेली, गेले’ ही रूपे लिंगानुसार बदलतात, कारण ती मुळात कृदन्ते आहेत. लॅटिनच्या कोष्टकात त्यांना सहज जागा नाही. गंमत अशी की लॅटिनच्या कन्येला, म्हणजे इटालियनला, हा प्रकार परका नाही. तेथेही ‘तो गेला’ यासाठी ‘ए आन्दातो’ आणि ‘ती गेली’ यासाठी ‘ए आन्दाता’ असाच लिंगभेद होतो. मराठी व्याकरणाच्या आद्यकारांसमोर लॅटिनऐवजी इटालियनचा नमुना असता, तर कदाचित काही वाद टळले असते.

दादोबांच्या मांडणीची सविस्तर चिकित्सा कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी केली. त्यांचे निबंध १८९३ मध्ये ‘मराठी व्याकरणावरील निबंध’ या नावाने ग्रंथरूपात आले. पुढे मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात क्रियारूपांचा विचार आख्यातांच्या आधारे झालेला दिसतो. ‘जातो’ हे ताख्यात, ‘गेला’ हे लाख्यात, ‘जावे’ हे वाख्यात, ‘जाई’ हे ई-आख्यात, ‘जाऊ’ हे ऊ-आख्यात, ‘जाईल’ हे ई-लाख्यात आणि ‘जायचा’ हे चाख्यात. या नावांत काळाचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रूप हे एक आणि त्यातून व्यक्त होणारा काळ किंवा अर्थ हे दुसरे, हा विवेक त्यामागे आहे. तो योग्यच होता. ‘थांब, आलोच’ असे म्हणणारा मनुष्य अद्याप आलेला नसतो. लाख्यात येथे नजीकच्या भविष्याचे काम करीत असते. शालेय व्याकरणांतून मात्र ही आख्याते मागे पडली आणि तीन काळ, त्यांचे उपप्रकार व स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे चार अर्थ एवढेच विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले.

या कोष्टकात ‘चालू’ किंवा ‘अपूर्ण’ वर्तमानकाळाचे उदाहरण म्हणून ‘तो जात आहे’ हे वाक्य दिले जाते. वर्धा जिल्ह्यात सर्वसामान्य बोलण्यात हे वाक्य ऐकू येत नाही. तेथे ‘तो जाऊन राहिला’ असे म्हणतात. ‘काय करून राहिला?’, ‘पाणी येऊन राहिलं’, ‘काहून रडून राहिली?’ अशी वाक्ये आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत आणि जिल्ह्याबाहेर नागपूरकडेही रोजच्या व्यवहारात आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील श्रोत्यास ती चमत्कारिक वाटतात, कारण त्याच्या कानाला ‘राहिला’ म्हणजे एक तर मुक्काम केला, नाही तर करावयाचे शिल्लक उरले. ‘काम करायचे राहिले’ या वाक्यात काम झालेलेच नाही, तर वर्ध्याच्या ‘काम करून राहिलो’ या वाक्यात ते या क्षणी चालू आहे.

वर्धा जिल्ह्याचे स्थान या संदर्भात विचारात घ्यावे लागते. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा करण्यात आला. त्याच्या पश्चिम सीमेवरील वर्धा नदी ही मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यामधील सरहद्द होती. नदीच्या अलीकडे नागपूरकर भोसल्यांचे राज्य जाऊन इंग्रजी अंमल आला होता. पलीकडील वऱ्हाड निजामाचे असून १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. ज्या प्रांतात हा जिल्हा मोडत होता त्याच्या उत्तर भागात हिंदी आणि दक्षिण भागात मराठी होती. बोलीने ही सरहद्द फारशी मानली नाही. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी या बोलींची नोंद आहे. सर्वेक्षणासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे रूपांतर ठिकठिकाणच्या बोलींतून मागविले जात असे. बोलींच्या तुलनेसाठी ही युक्ती उत्तम होती. तथापि भूतकाळात सांगितल्या जाणाऱ्या कथेत चालू वर्तमानाला फारसा वाव नसतो, आणि ‘जाऊन राहिला’ यासारखी रचना अशा नमुन्यातून निसटण्याचा संभव अधिक.

ही रचना हिंदीतील ‘जा रहा है’ची नक्कल आहे, असे सर्रास म्हटले जाते. हिंदीच्या सहवासाचा परिणाम नाकारता येणार नाही, परंतु नक्कल हा शब्द पुरेसा नाही. हिंदीत ‘रहा’च्या आधीचे ‘जा’ केवळ धातूसारखे दिसत असले तरी इतिहासदृष्ट्या ते पूर्वकालवाचक रूप आहे. त्याचा प्रत्यय झिजून गेला. वर्ध्याच्या बोलीने त्या जागी मराठीचे स्वतःचे पूर्वकालवाचक रूप, म्हणजे ‘ऊन’ प्रत्ययाचे ‘जाऊन’, ठेवले. जे हिंदीत लुप्त झाले ते येथे उघड दिसते. शिवाय ‘राहणे’ या क्रियापदाचा सातत्यदर्शक उपयोग प्रमाण मराठीतही आहेच, उदाहरणार्थ ‘तो बघत राहिला’. वर्धा येथे १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीकडे या रचनेचे श्रेय किंवा दोष देण्याचा मोहही टाळावयास हवा. जी रचना निरक्षर शेतमजुराच्या तोंडी आणि अनेक जिल्ह्यांत पसरलेली आहे, ती परीक्षांच्या पाठ्यपुस्तकांतून येत नसते.

या रचनेत अनियमित क्रियापदांचे काय होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ‘जाणे’चे ‘गेला’, ‘येणे’चे ‘आला’, ‘होणे’चे ‘झाला’ ही सारी वळणे येथे नाहीशी होतात: जाऊन राहिला, येऊन राहिला, होऊन राहिला. मुख्य क्रियापद स्थिर राहते आणि लिंग, वचन, पुरुष यांचा भार ‘राहणे’ वाहते. इटालियनमध्ये नेमके हेच घडते. ‘मी जात आहे’ यासाठी ‘स्तो आन्दान्दो’ म्हणतात, आणि त्यात ‘आन्दान्दो’ पूर्णपणे नियमित असून अनियमितपणा ‘स्तारे’ या सहायक क्रियापदाकडे गेलेला असतो. ‘स्तारे’चा मूळ अर्थही उभे असणे, राहणे असाच आहे. मराठीत आणखी एक परिणाम होतो. ‘त्याने काम केले’ या कर्मणी प्रयोगाऐवजी ‘तो काम करून राहिला’ असा कर्तरी प्रयोग येतो, कारण ‘राहणे’ अकर्मक आहे. लाख्यात असूनही कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लागत नाही.

रूप भूतकाळाचे आणि अर्थ वर्तमानाचा, या विसंगतीवर मुख्य आक्षेप घेतला जातो. मराठीचा इतिहास पाहता तो टिकणारा नाही. आज ‘तो रोज देवळात जाई’ या वाक्यातील ‘जाई’ला आपण रीतिभूतकाळ म्हणतो. ते रूप संस्कृतच्या ‘याति’ या वर्तमानकाळी रूपापासून आलेले आहे आणि ज्ञानेश्वरांच्या काळात ‘जाई’सारखी रूपे वर्तमानाचाच अर्थ देत असत. ‘जातो’ या कृदन्तमूलक रूपाने वर्तमानाची जागा घेतली, तसे जुने रूप भूतकाळाकडे सरकले. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या जडणघडणीवरील फ्रेंच ग्रंथाने (१९२०) अशा स्थित्यंतरांच्या अभ्यासाला ऐतिहासिक बैठक दिली. वर्तमानाचे रूप भूताकडे गेलेले मराठीस चालते, तर भूताचे रूप वर्तमानाकडे आलेले का चालू नये?

१९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनमान्य झाले. ते नियम लेखनाचे होते, क्रियापदरचनेचे नव्हते. परंतु लिखित मराठी एक झाल्यावर वर्गातील मराठीही एक व्हावी, ही अपेक्षा त्यामागोमाग आली. वर्ध्याच्या विद्यार्थ्याच्या वहीतील ‘मी शाळेत जाऊन राहिलो’ हे वाक्य लाल शाईने खोडले जाते ते याच अपेक्षेतून. प्रमाण लेखनात ‘जात आहे’ लिहावयास शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. मात्र खोडताना ‘चूक’ असा शेरा दिला जातो, तेव्हा एका सुसंघटित रूपावलीला विद्यार्थ्याचा अडाणीपणा समजण्यात येते.

ही रूपावली किती सुसंघटित आहे हे तिच्या मर्यादांवरूनही कळते. ‘जाऊन राहिला होता’ येथे अपूर्ण भूतकाळ मिळतो, ‘जाऊन राहिला असेल’ येथे तर्क, ‘जाऊन नाही राहिला’ येथे नकार. आज्ञार्थापाशी मात्र ती थांबते. ‘जाऊन राहा’ असे म्हटल्यास त्याचा अर्थ ‘जात अस’ असा होत नाही, तर ‘तेथे जा आणि मुक्काम कर’ असा होतो, आणि हा भेद वर्ध्याकडील लहान मूलही चुकवीत नाही. इटालियनमधील ‘स्तारे’ची रचनाही सर्व काळांत चालत नाही. पूर्ण भूतकाळात तिला प्रवेश नाही.